अंगावरची पुळी कोणाची: पिसू, डास, ढेकूण, की चावलेलंच नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीजवळच्या एका गावातल्या ताईंच्या सहा वर्षांच्या मुलीला पाऊस सुरू झाल्यापासून दोन्ही पायांवर रोज नव्या खाजऱ्या पुळ्या येतात. जुन्या बसल्यासारख्या वाटतात आणि पुन्हा फुगतात. त्याच खोलीत झोपणाऱ्या तिच्या भावाला मात्र काही नाही. मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या मानेवर सकाळी उठल्यावर भाजल्यासारखा लाल पट्टा दिसला. सासूबाई म्हणतात किडं मुतलं, शेजारी म्हणतात नागीण आहे, उतरवून घ्या. घराला लागूनच शेळ्यांचा गोठा आहे. तर हे काय आहे, आणि कोण चावलं ते खुणेवरून ओळखायचं कसं?

ताई, नुसती पुळी बघून कोण चावलं ते सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. डास, पिसू, ढेकूण हे तिघंही रक्त पिताना आपली लाळ कातडीत सोडतात आणि आपलं अंग त्या लाळेवर चिडतं. ही चीड माणसागणिक वेगळी असते. एकाच रात्री एकाच डासाने दोघांना चावलं तरी एकाला काही दिसणार नाही आणि दुसऱ्याला रुपयाएवढी गांधी उठेल. म्हणून पुळीचा आकार आणि रंग यांवर फार विसंबू नका. पुळी अंगाच्या कोणत्या भागावर आहे, किती आहेत आणि कशा मांडल्यासारख्या आहेत, कोणत्या वेळी लक्षात आलं, घरात आणखी कोणाला आहे, हे चार प्रश्न विचारा. आणि पाचवा सगळ्यांत उपयोगाचा: खाज आहे, आग आहे, ठणका आहे, की काहीच जाणवत नाही? खाजेची वाट वेगळी, आगीची वेगळी. आणि जिथे काहीच जाणवत नाही तिथे कधी कधी सगळ्यांत मोठा धोका असतो.

मुलीपासून सुरुवात करू. गुडघ्याच्या खाली, विशेषतः घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवर, तीन-तीन चार-चारच्या घोळक्यात बारीक लाल पुळ्या, प्रत्येकीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा गडद ठिपका आणि खाज भयंकर, असं असेल तर पहिला संशय पिसवांवर. पिसूला पंख नसतात, ती जमिनीवरून उडी मारते, म्हणून पाय तिच्या टप्प्यात येतात. जमिनीवर झोपणाऱ्याला किंवा शेळीचं करडू मांडीवर घेणाऱ्या लेकराला कमरेच्या नाडीखाली आणि पोटावरही सापडतील, कारण कपडा घट्ट बसतो तिथे ती अडकते आणि पुन्हा पुन्हा चावते.

खात्री घरीच करता येते. गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घाला आणि गोठ्याच्या कडेने, मग झोपायच्या खोलीत, चार-पाच मिनिटं सावकाश फिरा. पिसवा असतील तर मोज्यावर तिळापेक्षा लहान, तांबूस-काळे, बाजूंनी चपटे ठिपके चढलेले दिसतील. बोटाने दाबायला गेलात की उडी मारून गायब होतील. दुसरी युक्ती: शेळीच्या, कुत्र्याच्या किंवा मांजराच्या अंगावरून बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेली काळी कचऱ्यासारखी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. मिनिटभरात त्या भुकटीभोवती तांबडा डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे. त्यात पचलेलं रक्त असतं, म्हणून रंग सुटतो.

आता मुलीलाच का, भावाला का नाही? दोघांनाही चावत असणार. पण साधारण दोन ते दहा वर्षांच्या काही मुलांचं अंग या लाळेवर जास्तच तापतं. नवी पुळी एका ठिकाणी उठते आणि आठवड्यापूर्वीच्या जुन्या पुळ्याही तिच्यासोबत पुन्हा फुगतात. त्यामुळे आईला वाटतं की रोज वीस ठिकाणी काहीतरी चावतंय. खरं तर रोज एखादाच चावा पुरतो. हे रक्त खराब झाल्याने होत नाही, उष्णतेनेही नाही. आंबा, वांगं, अंडी बंद करून काही साधत नाही, लेकराचं खाणं मात्र तुटतं. वय वाढेल तसं अंग या लाळेला सरावतं आणि बहुतेक मुलांचा त्रास आपोआप मावळतो. तोवर चावणारा थांबवणं हाच खरा उपाय, गोळ्या-मलमं दुसऱ्या नंबरवर.

थांबवायचं कसं, ते पिसूच्या जगण्यावरून ठरतं. आपल्याला दिसतात त्या पिसवा थोड्या. अंडी, अळ्या आणि कोष जमिनीच्या धुळीत, लेंड्यांच्या थरात, भिंतीच्या भेगांत पडलेले असतात. कोषातली पिसू तर कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही गप्प बसून राहते आणि पावलांचा हादरा लागला की बाहेर येते. ऊसतोडीहून पाच-सहा महिन्यांनी परतलेलं कुटुंब बंद घर उघडतं आणि पहिल्याच दिवशी पाय भरून निघतात, त्याचं कारण हेच. म्हणून आधी गोठ्यातला लेंड्यांचा थर खरवडून लांब खड्ड्यात टाका, जमीन कोरडी होऊ द्या, ऊन आत येईल अशी सोय करा. मगच फवारणी. कोणतं औषध आणि शेळीच्या अंगावर किती, हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, गाभण आणि दुभत्या शेळ्यांचं वेगळं सांगा. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी करायचीच, कारण पहिलीतून कोष वाचतात. लोक एकदा मारतात, तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसतात आणि औषध बोगस होतं म्हणतात. एक कळकळीची विनंती: कपाशीवर मारायचं उरलेलं औषध घरात, अंथरुणावर, शेळीवर किंवा लेकराच्या डोक्यात अजिबात मारू नका. त्याने जीव गेलेले आहेत.

पिसवांबद्दल मराठवाड्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं अंग शोधतात. तेव्हा घरात उंदीर औषध न घालता मरत असतील आणि त्याच वेळी पिसवा वाढल्या असतील, तर मेलेल्या उंदराला हात लावू नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. त्यातच कोणाला ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर उद्यावर ढकलू नका.

डासाचं लवकर आटोपतं. चावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मऊ, फिकट गांधी, ती तासा-दोन तासांत बसते. काहींना दुसऱ्या दिवशी त्याच जागी घट्ट लाल पुळी येते. उघड्या अंगावर, विखुरलेल्या, ना ओळ ना घोळका. चाव्यावरून डेंगीचा डास होता की साधा, हे कोणीही सांगू शकत नाही. डेंगीचा डास दिवसा चावतो एवढाच काय तो फरक. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, रांजण, टाक्या, हौद भरून ठेवावेच लागतात. पण अंड्याचा डास व्हायलाही जेमतेम तेवढेच दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं पूर्ण रिकामं करून आतली कड घासायची. नुसतं पाणी बदललं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

ढेकणाला मात्र वेळ द्यायला हवा, कारण लोक तो ओळखतात उशिरा. तो रात्री, बहुधा पहाटेच्या आधी, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि परत खाचेत जातो. चावताना कळत नाही. झोपेत उघड्या राहिलेल्या भागावर, म्हणजे हात, खांदे, मान, चेहऱ्यावर तीन-चार पुळ्या ओळीने किंवा वाकड्या रेषेत दिसल्या की ढेकूण आठवा. पहिल्यांदाच चावत असेल तर पुळी उठायला काही दिवस लागू शकतात. त्यामुळे पुण्याच्या खोलीवरून आलेल्या मुलाच्या अंगावर गावात आल्यावर पुळ्या उठतात आणि दोष गावच्या डासांना लागतो. ओळ मात्र ढेकणाची हमखास खूण नव्हे, पिसूही ओळीत चावते. फरक जागेत आहे: पिसू खाली, ढेकूण वर.

पक्का पुरावा अंथरुणात असतो. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला अचानक बॅटरी लावून बाजेचे ठावे (पाय) आणि गाते (चौकटीच्या दांड्या) जिथे जुळतात ती खाच, नवारीच्या दुमडी, गादीची शिवण आणि डोक्यामागच्या भिंतीतले खिळे बघा. पोट भरलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, फुगीर, गर्द तांबडा. उपाशी असला तर चपटा आणि तपकिरी. तो दिसला नाही तरी खाचेभोवती बॉलपेनने टिंबं काढल्यासारखे काळे ठिपके, चादरीवर वाळलेल्या रक्ताचे बारीक डाग आणि कोंड्यासारखी पोकळ, पारदर्शक टरफलं दिसतील. एक उग्र, गोडसर वासही येतो, तो ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. जुन्या बायका बाज अंगणात उभी करून खाचांत उकळतं पाणी ओतायच्या, ते अगदी बरोबर होतं. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी टिकत नाहीत. पाणी चुलीवरून उतरवल्या उतरवल्या ओतायचं, खाच भरून वाहेपर्यंत, आणि दहा दिवसांनी पुन्हा, कारण वाचलेली अंडी तोवर फुटतात. गोधड्या-चादरी उकळत्या पाण्यातून काढा. जाड गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. दर तासाने उलटवत राहा आणि शिवणी ब्रशने झाडा. उपाशी ढेकूण कित्येक महिने जगतो, तेव्हा "खोली दोन महिने बंद ठेवली, मेले असतील" या भरवशावर राहू नका.

आता नवऱ्याच्या मानेवरचा पट्टा. हे चावणं नाहीच, आणि सासूबाईंचं "किडं मुतलं" हे शब्दशः चुकलं तरी दिशा बरोबर आहे. पावसाळ्यात, विशेषतः दोन-तीन दिवसांच्या झडीनंतर, दिव्याभोवती एक किडा येतो. लांबी एक सेंटिमीटरच्या आत, डोकं आणि शेपटाचं टोक काळं, मधला भाग नारिंगी, चालताना मुंगळ्यासारखा आणि मागचा भाग विंचवासारखा वर उचलणारा. तो चावत नाही, डंख मारत नाही. झोपेत मानेवर बसल्यावर आपण हाताने चिरडतो आणि त्याच्या अंगातला द्रव कातडीवर पुसला जातो. लगेच काहीही होत नाही, म्हणूनच गफलत होते. १२ ते ३६ तासांनी, जिथून बोट फिरलं तिथे चाबकाचा वळ उठावा तसा लाल पट्टा उठतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात पिवळसर पू असल्यासारखे बारीक फोड येतात आणि मधला भाग करडा पडतो. खाज कमी, आग जास्त. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत असेल तर आरशात दिसावा तसा समोरासमोर दुसरा डाग उमटतो, कारण घडी मिटल्यावर द्रव पलीकडे लागतो. ही जोडी दिसली की शंका उरत नाही.

नागीण याहून वेगळी. तिच्यात फोड येण्याआधी दोन-तीन दिवस त्या पट्ट्यात ठणका, चमका, सुया टोचल्यासारखं होतं. फोड पाण्याने भरलेले, लाल बैठकीवर द्राक्षाच्या घडासारखे, आणि कायम अंगाच्या एकाच बाजूला, मधली रेषा ओलांडत नाहीत. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दबून राहिलेला असतो, तोच पुढे नागीण होऊन उठतो. तोंड आणि शेपूट जुळली की माणूस जातो ही भीती खोटी आहे. पण उतरवून घेण्यात आणि गेरूचा लेप देण्यात जे दिवस जातात, ते खरे नुकसान करतात. विषाणूवरची गोळी फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर तिचा गुण चांगला येतो. उशीर झाला तर, विशेषतः पन्नाशीपुढच्या माणसाला, फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने ठणका राहू शकतो. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

तुमच्या वर्णनात आधी ठणका नाही, पट्टा सकाळी एकदम दिसला, आग आहे. म्हणजे तो दिव्यावरचा किडा. साबण लावून भरपूर पाण्याने धुवा, थंड पाण्याची घडी दहा-दहा मिनिटं ठेवा, फोड फोडू नका. सात ते चौदा दिवसांत खपली पडते, काळसर डाग काही आठवडे राहतो आणि जातो. यापुढे अंगावर असा किडा दिसला तर फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन झटका, दाबू नका. चुकून चिरडला गेला तर लगेच ती जागा आणि बोटं धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर पापणी सुजून बंद होते. झोपायच्या खोलीतला दिवा झोपण्याच्या तासभर आधी घालवा, किंवा पांढऱ्याऐवजी पिवळा लावा, आणि मच्छरदाणी आत खोचा.

यासारखेच दिसणारे आणखी दोन प्रकार आपल्या भागात हमखास चुकतात. बिब्बा उतला की काळपट पट्टा, भोवती फोड, खाज आणि सूज येते. चावलेल्या जागेवर "विष उतरेल" म्हणून बिब्बा लावतात आणि मूळ चाव्यापेक्षा मोठी जखम करून बसतात. दुसरं गाजरगवत: निंदणी-खुरपणी करणाऱ्यांच्या पापण्या, मान, गळ्याखालची उघडी जागा आणि कोपराच्या घड्या जाड, खरखरीत आणि खाजऱ्या होतात, आणि रान सोडून दुसरीकडे गेलं की उतरतात.

खाज रात्री वाढत असेल आणि घरात एकापेक्षा जास्त जणांना असेल तर बोटांच्या बेचक्या बघा. खरूज म्हणतात ती हीच. बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कंबर, बेंबी, काखा, पुरुषांत लिंगावर बारीक पुळ्या, आणि नीट पाहिलं तर अर्धा-एक सेंटिमीटरची नागमोडी, करडी रेघ. मोठ्यांच्या चेहऱ्यावर ती सहसा येत नाही. तान्ह्या बाळाला तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येते. परमेथ्रिन ५ टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, बेचक्या आणि नखांखालीसुद्धा, रात्री लावायचं आणि आठ ते चौदा तासांनी धुवायचं. सात दिवसांनी पुन्हा एकदा. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरांना विचारा. उपचार फसतो तो एकाच कारणाने: ज्याला खाज आहे त्यालाच लावतात. खरूज अंगात शिरल्यावर खाज सुटायला तीन ते सहा आठवडे जातात, तोवर न खाजवणारा माणूस बाकीच्यांना ती परत देतो. म्हणून एकाच रात्री घरातल्या सगळ्यांनी लावायचं. कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. मलमानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, ती कातडीत मेलेल्या खरजेच्या बारीक किड्यांवरची असते. दर दोन दिवसांनी मलम थापू नका, कातडी जळते.

गोचीड बहुतेकदा चिकटलेलीच सापडते, कानामागे, काखेत, जांघेत. रॉकेल, तूप, पेटती विडी, काडेपेटी काही लावू नका, ती आत लाळ ओकते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला टेकून तिचं तोंड पकडा, पिळ न देता सरळ, एकसारख्या जोराने ओढा. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर खणून काढू नका. जागा धुवा आणि पुढचे दोन आठवडे ताप येतो का पाहा.

काहीच न जाणवणारा चावा म्हणजे स्क्रब टायफस या तापाचा. गवतात, बांधावर, झुडपांत असणाऱ्या माइट नावाच्या किड्याची अतिशय बारीक तांबडी पिल्लं चावतात. (मृगात दिसणारा मखमली लाल किडा यांचा लांबचा भाऊबंद, पण तो माणसाला काही करत नाही, त्याला मारू नका.) चावल्यावर ना खाज, ना दुखणं. सहा ते एकवीस दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी. आणि अंगावर कुठेतरी, बहुधा काख, जांघ, कंबर, स्तनाखाली किंवा गुडघ्यामागे, विडीचा चटका बसल्यासारखी एकच काळी खपली, भोवती लाल कड. रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. म्हणून पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत शेतात जाणाऱ्या माणसाला चार-पाच दिवस ताप हटत नसेल, मलेरिया-डेंगीच्या तपासण्या साफ असतील, तर घरच्यांनी कपडे काढून अंग नीट तपासावं. खपली सापडली तर ती डॉक्टरांना दाखवायचीच, न विचारता. डॉक्सिसायक्लिनने दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि मेंदूवर जातं.

शेतातल्या डंखांत मधमाशी आणि गांधीलमाशी यांतला फरक सोपा. मधमाशी काटा आत सोडते, त्याला पांढरी बारीक पिशवी असते आणि ती विष ढकलत राहते. नखाने, वहीच्या पुठ्ठ्याने, कशानेही काढा, पण पहिल्या काही सेकंदांत. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची. गांधीलमाशी काटा ठेवत नाही, पुन्हा पुन्हा मारते. चुना लावू नका, बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी अख्खा पंजा सुजला तरी घाबरू नका, सूज दोन दिवस वाढते आणि मग उतरते. धोका वेगळ्या ठिकाणी आहे: डंख एकीकडे आणि गांध्या अंगभर, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, उलटी, चक्कर. हे बहुतेकदा अर्ध्या तासात दिसतं. तिथे सेट्रिझिनची गोळी पुरत नाही, मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, म्हणून वेळ न घालवता दवाखाना. आग्या मोहोळ उठून पन्नासच्या वर डंख झाले असतील तर माणूस बरा दिसला तरी भरती करा. पुढच्या दोन दिवसांत लघवी चहासारखी होऊ शकते, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला. लाल मुंग्यांनी चावलेल्या जागी दुसऱ्या दिवशी पांढरे फोड येतात, त्यांत जंतू नसतात, तसेच राहू द्या.

उसाच्या नि एरंडाच्या पानांवरची काटेरी हिरवट अळी, घोणस अळी, हिने २०२२ च्या पावसाळ्यात बीडसह अनेक जिल्ह्यांत शेतकरी हादरवले. नाव सापाचं असलं तरी ती साप नाही आणि चावत नाही, काटे टोचून त्यांतलं विष सोडते. विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. चोळू नका, काटे आत जातात. जागेवर चिकटपट्टी दाबून ओढून काढा, तीन-चार वेळा नवी पट्टी घेऊन, मग धुवा आणि बर्फ ठेवा. केसाळ सुरवंटालाही हाच उपाय.

आता जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी, आणि हे कृपया घरात सगळ्यांना सांगा. रात्री "काहीतरी चावल्यासारखं झालं" म्हणून जाग आली, खूण दिसत नाही, सूज नाही, आणि पहाटे पोटात दुखतंय, उलटी होतेय, घसा धरलाय, पापण्या उघडत नाहीत, तर तो मण्यारचा दंश समजा. मण्यारच्या चाव्याची खूण बऱ्याचदा डोळ्याला दिसतच नाही. झोपाळलेला दिसतोय म्हणून झोपू देऊ नका, १०८ ला फोन करा. लाल विंचवाचंही तसंच. जागेवर फारशी सूज नसते, पण दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या. लेकरांना यात जास्त धोका. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना प्राझोसिन या गोळीचा उपाय रुजवला, तेव्हापासून लाल विंचवाने मरणं खूप कमी झालं. पण गोळी वेळेत पोटात जायला हवी, मांत्रिकाच्या दारात गेलेले दोन तास परत येत नाहीत.

उरलं औषध. साध्या चाव्यांना साबण-पाणी, दहा मिनिटं बर्फ, कॅलामाइन. मुलीच्या पुळ्यांवर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, दिवसातून दोनदा, फक्त पुळीवर, तीन ते पाच दिवस. रात्री खाजेसाठी सेट्रिझिन, सहा वर्षांच्या मुलीला साधारण ५ मिलिग्रॅम, पण वजन सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब" मागून आणू नका. त्यांत बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते मांडीभर पसरून हट्टी होतं. तिची नखं आजच काढा. खाजवून फोडलेल्या पुळीवर मधाच्या रंगाची खपली आली, किंवा तिसऱ्या दिवशी लाली वाढतेच आहे, दुखतंय, ताप आहे, तर त्यात जंतू शिरले. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. सकाळी लाली रेघेबाहेर गेली असेल तर दवाखान्यात न्या, आणि जाताना मोज्यावर सापडलेली पिसू किंवा बाजेतला ढेकूण चिकटपट्टीवर डकवून सोबत घ्या.